विश्लेषण : बॉयलर ‘लॉकआउट’ झाल्यावर ‘रिसेट’चे बटण पुन्हा पुन्हा का दाबू नये?

कारखान्यात स्फोट झाला की व्हॉट्सअ‍ॅपवर पहिला मेसेज येतो, ‘बॉयलर फुटला’. २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीत स्फोट झाला तेव्हाही सुरुवातीच्या बातम्या बॉयलरच्याच होत्या. नंतर रिअ‍ॅक्टरचे नाव पुढे आले. दौंड तालुक्यातील कुरकुंभ आणि शिरूर तालुक्यातील रांजणगाव या औद्योगिक वसाहतींजवळ राहणाऱ्यांनी हा फरक समजून घेतलेला बरा. कारण खुद्द बॉयलरचा धोकाही एकाच प्रकारचा नसतो.

वाफेच्या दाबाने पत्रा किंवा नळी फाटणे, हा सर्वांना माहीत असलेला धोका. दुसरा धोका भट्टीत असतो. तेलावर किंवा गॅसवर चालणाऱ्या बॉयलरचा बर्नर दाबाप्रमाणे दिवसातून अनेकदा आपोआप बंद होतो आणि पेटतो. ज्योत विझली आणि इंधन मात्र येतच राहिले, तर भट्टीत वाफाळलेले इंधन साचते. मग एक ठिणगी पुरते. त्या वेळी वाफेचा दाब शून्य असला तरी स्फोट होतो आणि सेफ्टी व्हॉल्व्हचा काही उपयोग होत नाही. पाटसच्या भीमासारख्या साखर कारखान्यांत बगॅस जळतो. तिथली आग क्षणात विझत नाही आणि क्षणात पेटतही नाही, त्यामुळे तिथले प्रश्न वेगळे.

जहाजावर काय करतात?

जहाजाच्या इंजिनरूममध्ये रात्री अनेकदा कोणीच नसते. म्हणून ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा कराराने नियम घातला आहे : माणसाच्या देखरेखीविना चालणाऱ्या तेलाच्या बॉयलरमध्ये पाण्याची पातळी घसरली, हवा बंद पडली किंवा ज्योत गेली, तर इंधन आपोआप तुटले पाहिजे आणि अलार्म वाजला पाहिजे. दौंडहून पुण्याला येताना लागणाऱ्या लोणी काळभोरला मरीन इंजिनीअरिंग शिकवले जाते. तिथल्या विद्यार्थ्यांना जहाजावर भेटणारा बर्नर आणि कुरकुंभच्या शेडमधला बर्नर यांचे तर्कशास्त्र एकच.

आधी पंखा सुरू होतो आणि भट्टीतील जुनी हवा बाहेर काढतो. यालाच ‘पर्ज’ म्हणतात. घाईच्या वेळी हाच वेळ सर्वांना फुकट गेल्यासारखा वाटतो. मग ठिणगी पडते, इंधनाचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ‘फ्लेम आय’ म्हणजे ज्योत पाहणारा सेन्सर काम सुरू करतो. काही सेकंदांत त्याला ज्योत दिसली नाही, तर व्हॉल्व्ह बंद होऊन यंत्रणा लॉकआउट होते. ती आपणहून पुन्हा सुरू होत नाही. माणसाने येऊन कारण शोधावे, हाच त्यामागचा हेतू.

प्रत्यक्षात मात्र प्रॉडक्शनची घाई असते आणि रिसेटचे बटण हाताशी असते. दर फसलेल्या प्रयत्नात थोडे तेल भट्टीच्या तळाशी, गरम विटांवर पडते. चौथ्या-पाचव्या वेळी बर्नर पेटतो, तेव्हा ते सगळे तेलही पेटते. याहून वाईट म्हणजे सेन्सरला फसवणे. ज्योत नसताना त्याच्यासमोर टॉर्च धरली तर काही जुन्या यंत्रणा फसतात. चांगला कंट्रोलर पेटवण्याआधीच तपासतो की ‘डोळ्याला’ ज्योत दिसते आहे का. दिसली, तर तो सुरूच होत नाही.

कायदा पुरेसा आहे?

१९२३ च्या बॉयलर कायद्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली आहे. पण सरकारी तपासणीचा मुख्य भर परंपरेने दाब सोसणाऱ्या भागांवर, म्हणजे पत्रा, नळ्या आणि जोड यांवर राहिला आहे. प्रमाणपत्र साधारण वर्षभराचे असते. फ्लेम आयच्या काचेवर काजळी मात्र त्याच्या कितीतरी आधी चढते.

त्यामुळे खरी तपासणी बॉयलर अटेंडंटच्याच हाती असते, आणि ती अवघड नाही. बर्नर चालू असताना उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे फ्लेम आय बाहेर काढून झाकायचा. काही सेकंदांत इंधन तुटून अलार्म वाजला पाहिजे. तसेच पाण्याच्या पातळीचा कटऑफ नियमित चालवून पाहायचा आणि दोन्हीची नोंद तारखेसह लॉगबुकात करायची.