धुक्यातला प्रकाश आणि सरासरीचा आकडा

१७९४ साली फ्रान्समध्ये क्लोद शाप यांनी पॅरिस ते लील अशी मनोऱ्यांची रांग उभारली आणि लाकडी हातांच्या खुणांनी संदेश दूरवर धाडले जाऊ लागले. परंतु धुके दाटले की ही यंत्रणा आंधळी होई. पुढे विजेची तार आली आणि मनोरे मोडीत निघाले. आज तोच प्रकाश अदृश्य लेसर किरणांच्या रूपाने पुन्हा संदेशवाहक होऊ पाहत आहे. २०२१ मध्ये कांगो नदीच्या दोन तीरांवरील ब्राझाविल व किन्शासा ही शहरे अशा किरणाने जोडली गेली. आंध्र प्रदेशात अशा दोन हजार दुव्यांची योजना २०१७ मध्येच जाहीर झाली होती.

या साधनाचे आकर्षण उघड आहे. चर खणणे नको, रस्ता फोडण्याची परवानगी नको. मात्र जमिनीवर वाचलेल्या पैशाची किंमत हवेत मोजावी लागते. पावसाचे थेंब मोठे आणि विरळ असल्याने प्रकाश त्यांच्यामधून बराचसा निसटतो. धुक्याचे कण अतिसूक्ष्म, पण अगणित असतात. ते किरण विखुरतात आणि दाट धुक्यात काहीशे मीटरांतच संदेश विझतो. रेडिओलहरींचे नेमके उलट आहे. त्या धुक्यातून सुखरूप जातात. त्यांतील आखूड लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात.

सेवा वर्षातून ९९.९ टक्के वेळ चालू राहील, असे आश्वासन दिले जाते. उरलेला काळ अवघा पावणेनऊ तासांचा. पण हे तास वर्षभर सारखे विखुरलेले नसतात. उत्तरेच्या मैदानात ते डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे एकवटतील, तर सह्याद्रीच्या माथ्यावर ऐन पावसाळ्यात, म्हणजे दरड कोसळून रस्ता बंद होतो आणि संपर्काची सर्वाधिक निकड असते तेव्हा. शिवाय एका ठिकाणचा टक्का दुसरीकडे लागू पडेलच असे नाही. आंबोलीची हवा लातुरात नसते.

म्हणून अशा योजना नाकारण्याचे कारण नाही. त्यांचा हिशेब मात्र नीट मांडला पाहिजे. करारापूर्वी त्या त्या जागेची दृश्यमानता सर्व ऋतूंत मोजावी. खंडाची मर्यादा वार्षिक सरासरीने न ठरवता महिनावार ठरवावी. किरणाच्या जोडीला रेडिओचा दुवा असणे सक्तीचे करावे आणि त्याचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा. एरवी स्वस्त म्हणून स्वीकारलेल्या सेवेची खरी किंमत घाटमाथ्यावरच्या गावाला चुकवावी लागेल.