उमापूरचा कोयता आणि लवासाची बुद्धिमत्ता

दसरा-दिवाळी सरली की गेवराई तालुक्यातील उमापूर आणि त्याच्या पंचक्रोशीतील वाड्या-तांड्यांवरून ट्रक व ट्रॅक्टर भरू लागतात. भांडीकुंडी, बाजरीचे पीठ, एखादी शेळी, तान्हे मूल आणि कोयता असा सगळा संसार त्यांत चढतो आणि पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतो. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या वहीत ‘कोयता’ म्हणतात. हत्याराचे नाव माणसांना देण्याच्या या रीतीत बीड जिल्ह्याला काही वावगे वाटेनासे झाले आहे. उन्हाळा तोंडावर आला की ही माणसे परततात. तोवर घेतलेली उचल फिटलेली असते, किंवा पुढच्या हंगामावर चढलेली असते.

याच उसाच्या निमित्ताने ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा शब्द अलीकडे महाराष्ट्राच्या राजकारणात रुळला आहे. बारामतीच्या कृषी विकास संस्थेने मायक्रोसॉफ्ट कंपनी व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साह्याने उसाच्या शेतांवर प्रयोग केले. उपग्रहाची छायाचित्रे, जमिनीतील ओलाव्याची मोजणी आणि हवामानाच्या नोंदी यांवरून पाणी किती द्यावे, खत केव्हा टाकावे, तोडणी कधी करावी हे संगणक सांगतो. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर करून त्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. ऊस उत्पादकाचे पाणी वाचत असेल आणि उतारा वाढत असेल तर त्याबद्दल कोणी कुरकुरण्याचे कारण नाही. तथापि ऊस केव्हा तोडावा हे यंत्राला विचारणाऱ्यांपैकी कोणालाही तो कोणी तोडायचा, कोणत्या दराने तोडायचा आणि काट्यावर त्याचे वजन किती भरले, हे विचारण्याची बुद्धी झालेली दिसत नाही. यंत्र काय उत्तर देते हे त्याला कोण प्रश्न घालतो यावर अवलंबून असते. आणि प्रश्न घालण्याचे शिक्षण जेथे मिळते त्या वर्गात कोयत्याच्या घरातला कोणी बसलेला नाही.

मग त्या वर्गात कोण बसते? महाराष्ट्रात या विद्येचे जे नवे मठ उभे राहिले त्यांतील एक मुळशी तालुक्यात, लवासा येथे आहे. बंगळुरूच्या ख्राइस्ट अभिमत विद्यापीठाचे तेथे आवार आहे. कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट या भारतीय ख्रिस्ती संघाने १९६९ मध्ये काढलेल्या महाविद्यालयाला २००८ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आज त्याच्या लवासाच्या आवारात डेटा सायन्सची पदवी घेता येते, तर बंगळुरूच्या आवारात कृत्रिम बुद्धिमत्तेवर भर देणारी अभियांत्रिकीची पदवी. लवासाची कथा या साप्ताहिकाच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. शेतकऱ्यांच्या व कातकऱ्यांच्या जमिनींवरून मोसे खोऱ्यात झगडा झाला, पर्यावरणाच्या परवानगीविना चाललेले बांधकाम २०१० मध्ये केंद्र सरकारला थांबवावे लागले आणि २०१८ मध्ये शहर बांधणारी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. शहर उताणे पडले, विद्यापीठ मात्र टिकले. विद्यापीठाने ते शहर बांधले नाही, म्हणून त्या पापाचा वाटा त्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. परंतु कोणाची जमीन गेली आणि त्या जमिनीवर कोणाची मुले शिकतात, हा प्रश्न विचारण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

समजा, उमापूरच्या एखाद्या ऊसतोड कुटुंबातील मुलगी बारावी विज्ञान शाखेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आणि तिला हा विषय शिकावासा वाटला. अशा विद्यापीठांतील या अभ्यासक्रमांची वर्षाची फी लाखाच्या वर असते, राहणे-जेवणे वेगळे. एका जोडप्याला एका हंगामासाठी मिळणारी उचलही बहुधा लाखाच्या आगेमागेच असते. म्हणजे पहाटेच्या थंडीत फडात उतरणाऱ्या दोन माणसांचे पाच-सहा महिने, हे या मुलीच्या एका वर्षाच्या फीचे मोल. पदवीला तीन किंवा चार वर्षे लागतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. ती संघटनेच्या लढ्याने मिळाली आणि तिचे मोल कमी नाही. पण या हिशेबाला ती पुरी पडत नाही.

येथे काहींना उकळी फुटेल. ‘ख्रिस्ती विद्यापीठ’ हा शब्द ऐकताच धर्मांतराची हाकाटी पिटणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना एवढेच सांगावे की महाराष्ट्राने आपला इतिहास वाचावा. जोतिराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला सिंथिया फरार या अमेरिकन मिशनच्या शिक्षिकेने चालविलेली मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतः मुलींची शाळा काढली. गेवराई तालुक्याला लागून असलेल्या त्याच नगर जिल्ह्यात १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज सुरू केले. दुष्काळी मुलखातील किती घरांतील पहिला पदवीधर तेथून बाहेर पडला असेल याची गणती करणे अवघड आहे. महाराष्ट्रातील ख्रिस्ती महाविद्यालयांत शिकणारे बहुतेक विद्यार्थी ख्रिस्ती नाहीत, आणि नगर-मराठवाड्याच्या खेड्यांतील ख्रिस्ती माणूस हा बहुतांशी पूर्वाश्रमीचा अस्पृश्य आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलतीही त्याला नाहीत. तेव्हा ख्रिस्ती संस्थेवर टीका करावयाची ती तिच्या ख्रिस्तीपणाबद्दल नव्हे. ती पुरेशी ख्रिस्ती नाही, हीच खरी तक्रार आहे.

ज्या संघाने हे विद्यापीठ चालविले त्याचे एक संस्थापक संत कुरियाकोस एलियास चावरा हे एकोणिसाव्या शतकातील केरळचे धर्मगुरू. १८४६ मध्ये त्यांनी मन्नानम येथे संस्कृत पाठशाळा काढली. पुढे प्रत्येक चर्चला जोडून शाळा असलीच पाहिजे असा दंडक घातला. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली जात नव्हती अशा जातींच्या मुलांना वर्गात बसविणे आणि त्यांना दुपारचे जेवण देणे ही कामेही त्यांच्या नावाशी जोडलेली आहेत. विद्यापीठाचे ब्रीद उत्कृष्टता आणि सेवा असे आहे. पहिल्या शब्दाची जाहिरात भरपूर होते. दुसऱ्या शब्दाचा हिशेब मात्र प्रवेशाच्या यादीत मागावा लागेल, कारण तो माहितीपत्रकात सापडत नाही.

खुद्द रोमने या विषयावर जे म्हटले आहे ते तर अधिक अडचणीत टाकणारे आहे. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी ‘लिओ चौदावे’ हे नाव का घेतले याचा खुलासा करताना, पहिल्या औद्योगिक क्रांतीच्या काळात कामगारांच्या प्रश्नावर १८९१ मध्ये ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढणाऱ्या लिओ तेराव्यांचा दाखला दिला, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या रूपाने मानवी प्रतिष्ठा, न्याय व श्रम यांच्यापुढे नवे आव्हान उभे असल्याचे सांगितले. १८९१ चे ते परिपत्रक समाजवादाच्या विरोधातही होते, हे येथे नोंदवून ठेवावे. पण मजुराला जगण्यापुरती मजुरी मिळाली पाहिजे आणि त्याला संघटना करण्याचा हक्क आहे, हेही त्यात होते. धर्मपीठ जर ही विद्या श्रमाचा प्रश्न मानते, तर तिच्या वर्गात श्रमिकाचे मूल नसणे ही केवळ व्यवहाराची अडचण उरत नाही. नीतिशास्त्राची एक प्रश्नपत्रिका अभ्यासक्रमात घातल्याने तिचे प्रायश्चित्त होत नाही.

याला उत्तर ठरलेले आहे: आम्हाला सरकारी अनुदान नाही, शिक्षकांचे पगार फीमधूनच द्यावे लागतात, गरीब विद्यार्थ्यांसाठी सवलतीही ठेवतो. यात तथ्य आहे. पण सवलत आणि हक्क यांत अंतर आहे. सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर चालते आणि तिची वार्ता उमापूरपर्यंत पोहोचत नाही. २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने खासगी शिक्षणसंस्थांतही राखीव जागा ठेवण्याचा मार्ग मोकळा केला, परंतु कलम ३० खालील अल्पसंख्याक संस्था त्यातून वगळल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वगळणे वैध ठरविले. कलम ३० हे बहुसंख्याकांच्या दंडेलीविरुद्धचे कवच आहे आणि ते मोडू पाहणाऱ्यांच्या पंगतीला समाजवाद्याने बसता कामा नये. मात्र कवच अंगावर घालायचे असते, दाराला लावायचे नसते. कायदा ज्याची सक्ती करीत नाही ते स्वेच्छेने करण्यास कोणत्याही संस्थेला कोणी अडविलेले नाही.

एवढे बोलून थांबले तर मुख्य आरोपी सुटेल. तो लवासात नाही, मंत्रालयात आहे. जुलै २०२४ मध्ये सरकारने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मागास व आर्थिक दुर्बल वर्गांच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात शुल्काची पूर्ण माफी दिली आणि निवडणुकीपूर्वी तिचे ढोल वाजविले. त्या शासन निर्णयात खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळण्यात आली आहेत. यापूर्वीच नवे अभ्यासक्रम, नवी यंत्रसामग्री, नामांकित कंपन्यांशी करार हे सारे अशा विद्यापीठांकडे वळू दिले गेले होते. म्हणजे नवी विद्या ज्या घरात नेऊन ठेवली त्याच घराच्या उंबऱ्यावर शुल्कमाफी थबकते. सरकारी पैसा खासगी विद्यापीठांच्या तिजोरीत जाऊ नये हा युक्तिवाद योग्यच आहे. पण मग तो पैसा सार्वजनिक विद्यापीठात तरी गेला पाहिजे. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये स्थापन झाले, त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळावे म्हणून या मुलखाने रक्त सांडले आणि १९९४ मध्ये नामविस्तार झाला. त्याच्या कक्षेतील महाविद्यालयांत आज किती विषय तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासावर मजुरी घेणाऱ्या, प्राध्यापकांच्या खांद्यावर चालतात हे गावोगावच्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. उच्चशिक्षित माणसाला मुकादमाच्या पद्धतीने राबविणारे सरकार कोयत्याच्या मुलीला बुद्धिमत्ता कशी शिकविणार?

वास्तविक या विषयाचा पाया महागडा नाही. पदवीच्या पातळीवर त्यात बीजगणित, कलनशास्त्र, संभाव्यता, संख्याशास्त्र आणि संगणकाची आज्ञावली लिहिणे हेच प्रामुख्याने असते. फळा, खडू, काही संगणक आणि सलग चार वर्षे टिकणारा गणिताचा चांगला शिक्षक एवढ्यावर त्याचा मोठा भाग भागतो. जी यंत्रणा खरोखर महाग आहे, म्हणजे प्रचंड गणनशक्ती, तिच्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये १०,००० कोटींहून अधिक रकमेचे अभियान मंजूर केले आहे. डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात केली तेव्हा मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय नसल्यातच जमा होती. त्या काळी जे जमले ते आज पैशाअभावी जमत नाही, यावर कोणी विश्वास ठेवावा?

आता थोडे घरातल्यांशी. भांडवलदारांच्या या खेळण्याशी आपल्याला काय करायचे, ऊसतोडणीचे यंत्र आले तसे हेही माणसाचा घास काढून घेण्यास आले आहे, असे म्हणणारे सहकारी आपल्यातही आहेत. त्यांची भीती खोटी नाही. परंतु १९८० च्या दशकात बँका आणि विमा कार्यालयांतील संगणकाला कामगार संघटनांनी विरोध केला तेव्हा काय घडले ते आठवावे. संगणक आलाच. तो कसा यावा आणि वाचलेल्या श्रमाचा लाभ कोणाला मिळावा यावर फारच थोडा शब्द चालला, कारण त्या यंत्राची विद्या वाटाघाटीच्या टेबलाच्या एकाच बाजूला होती. तशीच वेळ पुन्हा आली आहे. छायाचित्रांना नावे देणे, ध्वनिफितींचे तुकडे लिहून काढणे, यंत्राला शिकविण्यासाठी लागणारी ही हमाली आजच भारतातील लहान गावांत नगावर पैसे देऊन करून घेतली जाते. म्हणजे या नव्या कारखान्यातही खालचे काम खेड्याला आणि वरचे शहराला अशी वाटणी सुरू झाली आहे. खेड्यातील मुलांना ‘कौशल्य’ द्या, पदवी कशाला, असे म्हणणारे तज्ज्ञ नकळत हीच वाटणी कायम करीत असतात.

तेव्हा मागण्या स्वच्छ असाव्यात. मराठवाड्यातील सार्वजनिक विद्यापीठांत व शासकीय महाविद्यालयांत या विषयाची पदवी कायम नेमणुकीच्या शिक्षकांसह सुरू व्हावी. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये जाहीर झालेली संत भगवानबाबा यांच्या नावाची वसतिगृहे तालुक्यापुरती न ठेवता जेथे हे शिक्षण मिळते त्या शहरांतही उघडावीत. खासगी अभिमत विद्यापीठांनी, ख्रिस्ती असोत वा कोणत्याही पंथाची वा उद्योगपतीची, आपल्या जागांचा ठरावीक हिस्सा मजुरांच्या मुलांना विनाशुल्क द्यावा आणि तो किती दिला हे दरवर्षी प्रसिद्ध करावे. चावरांच्या वारसदारांनी यात पुढाकार घेतला तर त्यांचे स्वागत करण्यास आपला कार्यकर्ता पहिला असेल.

आणि एक काम कोणाच्याही मंजुरीवाचून करता येण्याजोगे आहे. प्रवेश परीक्षांचे अर्ज भरण्याचा काळ साधारणपणे हिवाळ्यात येतो. त्या वेळी उमापूरच्या बारावीच्या मुलांचे आईबाप फडावर असतात आणि घरी आजी असते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँकेचे खाते, मोबाईलवर येणारा सांकेतिक क्रमांक यांपैकी एखादी गोष्ट अडते, कारण ज्या मोबाईलवर तो क्रमांक येतो तो बाप कोल्हापूरकडच्या कोणत्या तरी कोपीत असतो, आणि अर्जाची मुदत टळते. गेवराई तालुक्यातील शाखांनी नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत उमापुरात आठवड्याच्या बाजाराला एक टेबल मांडून बसावे, बारावीच्या मुलामुलींची यादी शाळेतून घ्यावी आणि फडावर गेलेल्या पालकांचे पत्ते मुकादमाच्या वहीतून मिळवावेत.