चढल्यावर दार अडवू नये

मुंबईच्या लोकलचा एक अलिखित नियम आहे. प्लॅटफॉर्मवर उभे असताना आपण ओरडतो, "अहो, जरा आत सरका की, मध्ये जागा आहे!" आणि एकदा आत घुसलो की पुढच्या स्टेशनवर आपणच दारातून ओरडतो, "मागून दुसरी येतेय, तिने या!" मीही हेच करायचो, खोटं कशाला बोलू?

हे आठवायचं कारण म्हणजे अमेरिकेतलं हॅमट्रॅमिक हे गाव. जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटरचं, जवळजवळ चहूबाजूंनी डेट्रॉईटने वेढलेलं, पण नगरपालिका स्वतःची. १९१० च्या जनगणनेत इथे साडेतीन हजार माणसं होती. त्याच वर्षी डॉज बंधूंनी मोटारींचा कारखाना काढला आणि १९२० मध्ये वस्ती झाली ४८ हजारांच्या वर! यातले बहुतेक पोलंडहून आलेले. अरुंद प्लॉट, एकमेकांना चिकटलेली दुमजली घरं, कोपऱ्यावर बेकरी, मधोमध चर्च. आपल्या गिरणगावासारखंच म्हणा ना. १९८७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे (तेही पोलिश) इथे येऊन गेले आणि आजही लेंट सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारी जॅम भरलेल्या पोलिश डोनटसाठी बेकऱ्यांबाहेर रांगा लागतात.

१९८० मध्ये डॉजचा कारखाना बंद झाला. पोलिश कुटुंबांची पुढची पिढी उपनगरांत गेली आणि रिकाम्या होणाऱ्या घरांत येमेनी आणि बांगलादेशी कुटुंबं आली. जुन्या लोकांच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण हिशेब साधा आहे. ही मंडळी आली नसती तर दुकानांना टाळी लागली असती. आता कोनंट रस्त्यावर बंगाली पाट्या दिसतात.

खरी गंमत २००४ ची. एका मशिदीने लाऊडस्पीकरवरून अजान देण्याची परवानगी मागितली आणि गावात रणकंदन माजलं. टीव्हीवाले धावत आले. नगरपालिकेने काय केलं? कोणाचा देव मोठा या भानगडीत न पडता आवाजाच्या नियमात दुरुस्ती केली. अजान सकाळी ६ ते रात्री १० याच वेळात, आणि आवाजावर पालिकेचं नियंत्रण. विरोधकांनी सार्वमत घ्यायला लावलं, त्यातही लोकांनी ही दुरुस्ती टिकवली. चर्चच्या घंटा वाजतातच, मग ह्यांची हाक का नको, इतका साधा युक्तिवाद होता. मला हा प्रसंग फार आवडतो. श्रद्धेच्या भांडणाला वेळेच्या आणि आवाजाच्या प्रश्नात आणून सोडवणं, ह्यालाच मी चांगलं डिझाईन म्हणतो.

असो. आता कडू भाग.

नोव्हेंबर २०२१ मध्ये आमेर गालिब महापौर म्हणून निवडून आले. त्याआधी जवळपास शंभर वर्षं प्रत्येक महापौर पोलिश वंशाचा होता. जानेवारी २०२२ पासून सगळी कौन्सिल मुस्लिम. आणि जून २०२३ मध्ये ह्याच कौन्सिलने एकमताने ठराव केला की सरकारी जागेवर समलिंगी समाजाचा इंद्रधनुषी झेंडा लागणार नाही. २००४ मध्ये ज्यांना शेजाऱ्यांनी जागा करून दिली, त्यांच्यातले अनेक जण ह्या ठरावाच्या बाजूने होते.

बचाव असा की पालिकेने कोणाचीच बाजू घेऊ नये. वरवर पटण्यासारखं आहे. पण त्याच ठरावात गावातल्या लोकांच्या मायदेशांचे झेंडे चालतील असंही आहे! म्हणजे 'माझी ओळख खांबावर, तुझी घरात'. ह्याला तटस्थपणा कसा म्हणायचा?

ह्यावर "बघा, ह्या लोकांना जवळ केलं की असंच होतं" असं म्हणणारे भरपूर भेटतील. मला ते साफ अमान्य आहे. २००४ मध्ये अजानीला विरोध करणारे काही मुस्लिम नव्हते. कुठल्याही धर्माचा माणूस बहुमतात गेला की त्याला दार अडवावंसं वाटतं. दोष डब्यात शिरण्याच्या सवयीचा आहे, प्रवाशाच्या जातीचा नाही.

आणि आपण कोण हो सांगणारे? आपला माणूस अमेरिकेत गेला की गणपतीच्या मिरवणुकीला ढोल-ताशाची परवानगी मिळावी म्हणून धडपडतो, आणि मिळाली की फोटो पाठवतो. तोच माणूस पुण्याच्या सोसायटीत घर भाड्याने देताना आडनाव विचारतो, काय खाता ते विचारतो. विमानात बसलं की आपण अल्पसंख्य, उतरलं की बहुसंख्य. मधल्या अठरा तासांत आपली तत्त्वं मात्र बदलतात.

सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला एक सवय लावतात. अ‍ॅडमिन म्हणून सगळं छान चालतं, पण प्रोग्रॅम तपासायचा तो सर्वांत कमी अधिकार असलेला युजर म्हणून लॉगिन करून. गावाचे, सोसायटीचे, मंडळाचे नियमही तसेच तपासावेत. उद्या मीच इथे एकटा पडलो तर हा नियम मला चालेल का? हॅमट्रॅमिकने २००४ मध्ये ही परीक्षा पास केली आणि २०२३ मध्ये नापास झालं.

पुढच्या वेळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये "अशा लोकांना घर द्यायचं नाही" असा विषय निघाला, तर निदान मी तरी हात वर करून "का?" एवढं विचारणार आहे. तुम्ही?