विदूषकाची रदबदली

शाकुंतलांत मृगयेला दोनदां आडकाठी होते, आणि ती दोन अगदीं निराळ्या तऱ्हांनीं होते. पहिल्या अंकांत आश्रमांतील तपस्वी हात उंचावून राजास आडवे येतात व गंभीर शब्दांनीं एक हरिण वांचवितात. दुसऱ्या अंकांत माधव्य विदूषक येतो. त्याला ना अहिंसेची चाड, ना हरिणांची कींव. पारध्यांच्या गलक्यानें पहांटे झोप मोडते, डोंगरांतलें कडू पाणी प्यावें लागतें, दौडींनीं सांधे दुखतात, एवढीच त्याची रड. सेनापति मृगयेचे गुण गाऊं लागतो तेव्हां विदूषक त्याला फटकारतो, आणि राजा सारी पारधच थांबवितो. राजाचें चित्त एव्हांना शकुंतलेकडे गेलें होतें, हें खरें. पण तोंड राखून माघार घेण्याची सोय करून दिली ती विदूषकानेंच. तपस्व्यांनीं एक हरिण सोडविलें, विदूषकानें सबंध रान.

ही युक्ति इंग्लंडांत सायमन वॉट नांवाच्या जीवशास्त्रज्ञानें पुन्हां वापरांत आणली. ‘कुरूप प्राणी रक्षक मंडळी’ अशा अर्थाच्या नांवाची संस्था त्यांनीं २०१२ सालीं काढली. संस्था म्हणण्यापेक्षां तिला खेळ म्हणणें बरें. रंगभूमीवर एकामागून एक विनोदी नट येतात, प्रत्येकजण एकेका कुरूप व संकटग्रस्त प्राण्याची वकिली करितो, आणि शेवटीं प्रेक्षक मतें देऊन त्या रात्रीचा मानकरी ठरवितात. वाघ, हत्ती, पांडा यांच्यासाठीं डोळे ओले करणारे पुष्कळ आहेत. वटवाघळांनीं आणि बेडकांनीं काय करावें, असा या मंडळीचा रोकडा सवाल आहे.

सबंध संस्थेचें मानचिन्ह कोण, यासाठीं २०१३ सालीं मतें घेतलीं, तेव्हां ७९५ मतें मिळवून ‘ब्लॉबफिश’ हा मासा पहिला आला. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयेकडील समुद्रांत ६०० ते १२०० मीटर खोलीवर हा राहतो. त्याचें प्रसिद्ध चित्र आमच्या नातवंडांनीं मला दाखविलें: नाक लोंबतें, तोंड रडवें, अंग गार झालेल्या पिठल्याच्या गोळ्यासारखें. मीहि हंसलों. पण हें चित्र २००३ सालच्या एका सफरींत जाळ्यानें वर ओढून काढलेल्या माशाचें आहे. त्या खोलीवर पाण्याचा दाब आपल्याकडील हवेच्या साठपटींहून अधिक असतो. तो दाब सुटतांच त्याचें मऊ मांस ढासळतें. स्वस्थळीं तो मोठ्या डोक्याचा, पण माशासारखाच मासा दिसतो. बुडालेल्या माणसाचें प्रेत पाहून ‘काय हा ओंगळ गृहस्थ!’ म्हणावें, त्यांतलाच हा प्रकार. येथें विनोदानें अन्याय केला, असें माझें स्पष्ट मत आहे. तरी समुद्राचा तळ खरवडीत जाणाऱ्या जाळ्यांत या बिचाऱ्याचा फुकट बळी जातो, ही गोष्ट हजारों घरांत पोंचली ती त्या रडव्या नाकामुळेंच. २०२५ सालीं न्यूझीलंडांत ‘वर्षाचा मासा’ म्हणून त्यालाच लोकांनीं निवडलें.

पण हंसणारा इंग्रज प्रेक्षक नाटकगृहांतून घरीं जातो; त्याच्या परसांत कांहीं ब्लॉबफिश नसतो. प्राणी दारांतच घाण करीत असेल तर? आसामांत हरगिला नांवाचा एक प्रचंड करकोचा आहे. नांवाचा अर्थच हाडें गिळणारा. आपलें ‘गिळणें’ त्यांत सहज ओळखूं येतें. डोकें टकलें, गळ्याशीं लोंबती पिशवी, खाणें उकिरड्यावरचें. कामरूप जिल्ह्यांतील दादरा, पचरिया या गांवीं लोकांच्या परसांतील कदंबांवर याचीं घरटीं असतात, आणि खालीं विष्ठा व सडक्या मांसाचा सडा पडतो. म्हणून लोक झाडेंच तोडीत. पूर्णिमादेवी बर्मन या जीवशास्त्रज्ञ बाई झाड तोडणाऱ्यास बोलावयास गेल्या, तों शेजारीपाजारी त्यांनाच हंसले. तेव्हां बाईंनीं उपदेश बाजूस ठेविला. पाककृतींच्या चढाओढी, भजनें, नाचगाणीं सुरू केलीं. आणि विणीच्या दिवसांत गांवच्या बायका जमवून या पक्षिणीचें चक्क डोहाळजेवण केलें! विष्ठेच्या वासानें नाक मुरडणाऱ्या सासवा तेथें गाणीं म्हणूं लागल्या. त्या भागांत २०१० सालीं २८ घरटीं होतीं, तीं पुढें अडीचशांवर गेलीं. ‘हरगिला सेनेंत’ १०,००० हून अधिक स्त्रिया आहेत, आणि २०२३ सालीं जागतिक यादींत या पक्ष्याची गणना कमी धोक्याच्या वर्गांत झाली.

आमच्याकडे हरिदास जटायूचें आख्यान लावितात तेव्हां देऊळ रडतें, आणि घरीं परततांना वाटेंत कोणा हावऱ्यास ‘मेलें गिधाड’ अशी शिवी मिळते. गुरांना देण्यांत येणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मेलेल्या जनावरांच्या मांसांतून पोटांत जाऊन, १९९० नंतर देशांतील गिधाडांच्या तीन जाती शेंकडा ९५ हून अधिक घटल्या. गुरांसाठीं तें औषध वापरण्यावर २००६ सालीं बंदी आली. ही हकीगत उत्तररंगांत, बुवा श्रोत्यांना हंसवितात त्या जागीं, सहज बसेल. आरंभ टकल्या डोक्यापासून करावा. कलेवरांत मान खुपसून जेवणाऱ्यास पिसें बरबटून घेणें परवडत नाहीं. शिवाय उघड्या कातडीनें उन्हांत अंगहि थंड राहतें. सोंवळें नेसून उघड्या अंगानें पंक्तीस बसणाऱ्या मंडळींस हें समजावयास कठीण जाऊं नये.