एमआयएस शिकून पोरगं गावात काय करणार? वारणा खोऱ्यातल्या ७० गावांचा अनुभव काय सांगतो

कोल्हापूर : बारावीचा निकाल लागला की चंदगडपासून शिरोळपर्यंत घराघरांत एकच चर्चा सुरू होते. पोराला बीसीएला घालायचं की बीबीएला? आणि पुढं एमबीए की एमसीए? या सगळ्या कोर्सच्या माहितीपत्रकात एक नाव हमखास दिसतं, ते म्हणजे एमआयएस. मॅनेजमेंट इन्फॉर्मेशन सिस्टीम, म्हणजे व्यवस्थापनासाठीची माहिती यंत्रणा. नाव भारी वाटतं, पण हे शिकून नेमकं काय करायचं, हे ना पोराला सांगता येतं ना बापाला.

खरं तर या विषयाचं देशभर गाजलेलं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. आणि आज गावोगावच्या विकास संस्थांच्या वह्या संगणकावर चढत असताना या विषयाची गरज पूर्वीपेक्षा जास्त आहे.

एमआयएस म्हणजे नक्की काय?

सोपं उदाहरण घेऊ. सकाळी डेअरीत म्हैशीचं दूध घातलं. लिटर, फॅट, एसएनएफ मशीनवर आलं, चिठ्ठी मिळाली. ही झाली नोंद. दहा दिवसांनी त्याच नोंदींवरून बिल निघालं. हा झाला हिशेब. इथंपर्यंतचं काम कॉम्प्युटर येणारा कुणीही करतो.

पण संस्थेच्या चेअरमनला वेगळंच कळायला हवं असतं. गेल्या महिन्यात दूध कमी घालणारे सभासद किती? ते दुसऱ्या डेअरीकडं गेले की जनावरं आटली? पशुखाद्याची उधारी कुणाची वाढत चालली? नोंदी त्याच, पण त्यातून निर्णयाला लागणारी माहिती काढणं म्हणजे एमआयएस. कोणाला, कोणती माहिती, कधी आणि कोणत्या रूपात द्यायची, हे ठरवायचं शास्त्र.

म्हणून बीसीए आणि एमआयएस यात फरक आहे. बीसीएत भर असतो प्रोग्राम लिहिण्यावर. एमआयएसमध्ये डेटाबेस असतो, पण त्याबरोबर हिशेब, खरेदी-साठा, ऑडिट, माहितीची सुरक्षा आणि संस्थेचं कामकाज समजून घेणंही असतं. आपल्याकडं या नावाची स्वतंत्र पदवी क्वचितच दिसते. बीबीए, एमबीए, एमसीए यांत तो एक विषय म्हणून किंवा ‘सिस्टीम्स’ या शाखेतून शिकवला जातो. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात आणि कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातल्या संलग्न कॉलेजांत व्यवस्थापन व संगणकाचे हे कोर्स आहेत. डॉ. ए. डी. शिंदे यांनी १९७६ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेली सायबर ही संस्थाही याच क्षेत्रातली जुनी संस्था.

वारणेचा धडा

१९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूहानं मिळून ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू केला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावं संगणकानं जोडायची, हा बेत. गावात केंद्र, केंद्रात संगणक. त्यावर ऊसनोंद, तोडीचा प्रोग्राम, उसाचं वजन, खताची उचल, बिलाचा हिशेब. त्याआधी एवढ्याशा माहितीसाठी शेतकऱ्याला वारणानगरला हेलपाटा मारावा लागायचा. शिवाय बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी योजना आणि इंटरनेट हेही या केंद्रातून मिळेल, असं स्वप्न होतं.

झालं काय? केंद्रं मुख्यतः उसाच्या कामासाठीच वापरली गेली. बाकीच्या गोष्टी फारशा रुजल्या नाहीत. संगणक जुने झाले, त्यांची देखभाल परवडेना.

पुढं मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन विभागातल्या अभ्यासकांनी इथं येऊन पाहणी केली. शेतकऱ्याला जी माहिती रोज लागते, ती साध्या मोबाईलवर एसएमएसनं देता येईल का, असा प्रश्न त्यांनी घेतला. सात गावांत आठ महिने प्रयोग झाला. संगणकावरचं सगळं काम मोबाईलवर झालं, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ते जास्त आवडलंही. ‘वारणा अनवायर्ड’ या नावानं हा अभ्यास प्रसिद्ध आहे.

यात एमआयएसचा सगळा धडा आला. महागडं यंत्र आणलं म्हणजे यंत्रणा उभी राहिली असं नाही. शेतकऱ्याला काय हवंय, हे आधी विचारायचं, मग यंत्र ठरवायचं. आज कारखान्यांचे वजनाचे आणि बिलाचे मेसेज थेट खिशातल्या फोनवर येतात, त्यामागं हीच समज आहे.

आत्ताच हा विषय का?

पहिलं कारण, विकास संस्था. देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांचं संगणकीकरण करायला केंद्रानं जून २०२२ मध्ये २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. नाबार्डच्या देखरेखीखाली सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर. आपल्या गावची सोसायटी, जिल्हा बँक आणि वरची यंत्रणा एका साखळीत येणार.

संगणक येईल, सॉफ्टवेअरही येईल. पण किर्द-खतावणीतली जुनी बाकी बरोबर चढली का, हे कोण तपासणार? एकाच सभासदाचं नाव सातबाऱ्यावर एक, आधारवर दुसरं आणि सोसायटीच्या वहीत तिसरं असेल तर? चुकीची बाकी एकदा संगणकावर बसली, की पीक कर्ज आणि व्याज सवलत दोन्ही अडकतात. वहीतली चूक सचिवाला गाठून दुरुस्त होत होती. यंत्रणेतली चूक दुरुस्त करायला यंत्रणा कळणारा माणूस लागतो.

दुसरं कारण, ऊस. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये एफआरपी होती आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३३ रुपये २० पैसे. म्हणजे उताऱ्याचा आकडा एक दशांश टक्का इकडचा तिकडं झाला, तर ५० टन ऊस घालणाऱ्याच्या हिशेबात १,६६० रुपयांचा फरक पडतो. ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. ही तारीखही नोंदीतूनच सिद्ध होते. चिटबॉयच्या हातातल्या नोंदीपासून काट्यावरच्या वजनापर्यंतची साखळी ज्याला वाचता येते, तोच सभेत उभं राहून मुद्द्याचा प्रश्न विचारू शकतो.

तिसरं, ई-पीक पाहणी आणि शेतकरी ओळख क्रमांक. पिकाची नोंद आता शेतकऱ्याच्याच फोनवर आली आहे. नुकसानभरपाई असो की विमा, माहिती चुकली की माणूस यादीबाहेर.

सीईटीची भानगड

२०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे कोर्स एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांना सीईटी लागू झाली. अनेकांना वेळेत पत्ताच लागला नाही. पहिल्याच वर्षी मोठ्या संख्येनं जागा रिकाम्या राहिल्या, पुन्हा एकदा सीईटी घ्यावी लागली. काही कॉलेजांनी कोर्सचं नाव बदलून सीईटीशिवाय प्रवेश देण्याची वाट काढली.

इथं पालकांनी सावध राहायला हवं. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सला शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत देण्याचा शासन निर्णय जुलै २०२४ चा आहे. पण त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो, मॅनेजमेंट कोट्याला ती सवलत नाही. सीईटी टाळून सोपा वाटलेला प्रवेश तीन वर्षांच्या फीच्या रूपानं महाग पडू शकतो.

प्रवेशाआधी हे विचारा

– कोर्सला एआयसीटीईची मान्यता आहे का? प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून आहे का?
– महाडीबीटीच्या यादीत नेमक्या याच नावाचा कोर्स दिसतो का? तोंडी ‘होईल’वर जाऊ नये, लेखी घ्यावं.
– लॅबमध्ये डेटाबेसचं काम आठवड्याला किती तास?
– शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट खऱ्या संस्थेत जाऊन करायचा असतो की विकत आणलेली फाईल चालते?
– आधीच्या बॅचची पोरं कुठं कामाला आहेत?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. गावच्या डेअरीत किंवा सोसायटीत दोन महिने बसून ज्यानं तिथला हिशेब समजून घेतला, त्याला पुण्यातल्या मुलाखतीतही बोलायला काहीतरी असतं. नुसती डेटा एन्ट्री शिकून आता भागणार नाही. ते काम यंत्रं वेगानं उचलत आहेत.

गरज आहे, पण जागा कुठं आहे?

खरी अडचण इथं आहे. संस्थांना असा माणूस हवा आहे, पण संस्थेच्या कर्मचारी यादीत असं पदच नाही. छोट्या सोसायटीला सचिवाचा पगार भागवतानाच नाकीनऊ येतात. ती वेगळा एमआयएस शिकलेला माणूस कुठून ठेवणार? मग शिकलेलं पोरगं हिंजवडीची वाट धरतं आणि गावची यंत्रणा बाहेरच्या कंपनीच्या टेक्निशियनच्या फोनवर चालते.

यावर मार्ग निघू शकतो. शेजारच्या आठ-दहा संस्थांनी मिळून एक प्रशिक्षित माणूस ठेवला, तर प्रत्येकीच्या वाट्याला येणारा खर्च पेलण्याजोगा होईल. कॉलेजांनी शेवटच्या वर्षाची पोरं तालुक्यातल्या संस्थांत पाठवली, तर वह्या संगणकावर चढवण्याच्या कामाला हातभार लागेल आणि पोरांना खरा अनुभव मिळेल. यासाठी मुंबई-दिल्लीच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही. संस्थेचं संचालक मंडळ आणि कॉलेजचे प्राचार्य एका बैठकीत हे ठरवू शकतात.

सभासदांच्या हातातही एक गोष्ट आहे. सप्टेंबरअखेरपर्यंत संस्थांच्या वार्षिक सभा होतात. तिथं लाभांश आणि दिवाळी भेटीबरोबर एक साधा प्रश्न विचारायला हरकत नाही. आपल्या संस्थेच्या संगणकातली माझ्या खात्याची बाकी कोणी तपासली आणि कधी?