भांग, गांजा, चरस आणि अर्क : एका झाडाच्या चार पायऱ्या

१/ फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी विश्रांतवाडीतील एका गोदामातून मेफेड्रोनचा साठा जप्त केला. तपासाचा धागा पुढे कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यापर्यंत पोहोचला. मेफेड्रोन हे कारखान्यात घडवलेले रसायन. गांजाच्या झाडाशी त्याचे काही नाते नाही. तरीही अशा प्रत्येक कारवाईनंतरच्या चर्चेत गांजा, चरस, ‘एमडी’ आणि व्हेपमधले तेल ‘ड्रग्ज’ या एकाच शब्दात कोंबले जाते.

२/ या घाईत एक जुने शहाणपण हरवते. भांग, गांजा आणि चरस ही एकाच पदार्थाची पर्यायी नावे नाहीत. त्या तीव्रतेच्या चढत्या पायऱ्या आहेत. आज त्यांच्यावर चौथी पायरी बसली आहे : अर्क. झाड कोणते, यापेक्षा त्यातील राळ किती वेगळी काढली हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि इतिहासाने तो फार पूर्वीच ओळखला होता. हा धागा त्याविषयी.

३/ या वनस्पतीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. मादीच्या फुलोऱ्यावर सूक्ष्म ग्रंथी असून त्यांतून चिकट राळ स्रवते. नशा आणणारे द्रव्य, म्हणजे टीएचसी, मुख्यतः या राळेत असते. पानांत ते कमी. म्हणून पाने वाटून घोटली की भांग, फुलोरा वाळवला की गांजा, आणि राळ झाडापासून सुटी केली की चरस.

४/ एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात अहमदनगर आणि सातारा हे गांजाच्या लागवडीचे जिल्हे होते. मध्य प्रांतात खांडवा, बंगालात नौगाव. चांगला गांजा पिकवायचा तर नर झाडे वेळीच उपटावी लागत, कारण परागीभवन टळले की बी धरत नाही आणि फुलोऱ्यात राळ वाढते. नौगावात नर झाडे ओळखण्यासाठी ‘पोद्दार’ नावाचा जाणकार मजुरीवर बोलावला जाई. कापलेला फुलोरा पसरून पायांनी तुडवला जाई, म्हणजे राळेने तो घट्ट चिकटे. तीव्रता वाढवण्याची ही पहिली कारागिरी.

५/ चरस ही मुख्यतः उत्तरेकडची वस्तू. ती दोन रीतींनी बनत असे. हिमालयाच्या उतारांवर जिवंत फुलोरा तळहातांत चोळून हाताला चिकटलेली राळ खरवडत. यार्कंदकडे वाळलेली झाडे झोडपून, भुकटी चाळून ती कातडी पिशव्यांत भरत. हा माल लेहमार्गे पंजाबात उतरे आणि सरकार त्यावर कर घेई. हात, चाळण आणि थंड कोरडी हवा, एवढीच या धंद्याची यंत्रसामग्री होती. तीव्रतेची मर्यादाही त्यांनीच घातली होती.

६/ ती मर्यादा ओलांडणारे पाऊल साधूच्या धुनीपाशी पडले नाही. ते वैद्यकशास्त्राने टाकले. १८३९ मध्ये कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील विल्यम ओशॉनेसी यांनी गांजाचा फुलोरा मद्यार्कात उकळून राळयुक्त अर्क काढला. आधी प्राण्यांवर, मग धनुर्वात, संधिवात आणि श्वानदंशाच्या रुग्णांवर त्याचे प्रयोग केले. पुढे हा अर्क ब्रिटन-अमेरिकेच्या औषधालयांत पोहोचला. द्रावकाने काढलेला अर्क हा आधुनिक चैनीचा शोध मानला जातो. त्याचा एक स्पष्ट उगम कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत आहे.

७/ मात्र या औषधाला एक खोड होती : एका बाटलीचा गुण दुसरीत सापडत नसे. राळेत काय आहे, किती आहे, हे मोजताच येत नव्हते. त्यामुळे मात्रा ठरेना. एका रुग्णाला काहीच होत नसे, दुसरा बेशुद्धीच्या काठावर जाई. १९३२ मध्ये ब्रिटिश औषधसंहितेतून हा अर्क वगळला गेला. त्यामागे इतर कारणांबरोबर हे कारणही होतेच.

८/ दरम्यान ब्रिटिश संसदेत प्रश्न उठला : गांजाने हिंदुस्थान वेडा होतो आहे काय? १८९३ मध्ये भारतीय हेम्प ड्रग्ज आयोग नेमला गेला. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग, सात सदस्यांत तीन हिंदी. आयोगाने १,१९३ साक्षी नोंदवल्या. १८९४ च्या अहवालाचा निष्कर्ष असा : माफक सेवनाने सहसा लक्षणीय हानी होत नाही, अतिसेवनाने होते, सरसकट बंदी अनावश्यक आहे, कर आणि नियंत्रण पुरेसे.

९/ आयोगाचे सर्वांत चोख काम वेड्यांच्या इस्पितळांबाबतचे. १८९२ मध्ये ज्या २२२ रुग्णांच्या वेडाचे कारण ‘गांजा’ असे लिहिले होते, त्यांची कागदपत्रे पुन्हा तपासली गेली. अनेकदा ते कारण पोलिसांच्या कागदावरून तसेच उतरवलेले निघाले. निम्म्याहून अधिक प्रकरणांत ते टिकले नाही. आज विश्रांतवाडीच्या शेजारी, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या भिंतीलगत राहणाऱ्या समाजाने हे लक्षात ठेवावे : नोंद म्हणजे निदान नव्हे.

१०/ गांजाच्या मुक्ततेचे समर्थक हा अहवाल नेहमी पुढे करतात. तो पुढे करण्याजोगा आहेच. पण तो कशाविषयी आहे? घोटलेली भांग, चिलमीतला गांजा आणि हाताने वा चाळणीने काढलेली चरस यांविषयी. खुद्द आयोगाने या तिघांना एका मापाने मोजले नाही. भांगेला सौम्य वागणूक आणि गांजा-चरसावर कडक कर, अशी पायरी त्याने राखली. शेकडो साक्षीदारांच्या बोलीतला भेद त्याने ऐकला होता.

११/ राळेचे कोडे पुढे रसायनशास्त्राने सोडवले. १८९६ मध्ये केंब्रिजच्या वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी हिंदी चरसावर काम केले आणि त्यातून कॅनाबिनॉल हाती आले. पण खरा नशाकारक घटक १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेकुलम आणि येखिएल गाओनी यांनी वेगळा केला. टीएचसी मोजता आले, आणि तेच वाढवण्याचा रस्ताही मोकळा झाला.

१२/ आजचे ‘वॅक्स’, ‘शॅटर’, हॅश ऑइल किंवा व्हेपची काडतुसे या रस्त्याच्या टोकाला आहेत. ब्यूटेनसारख्या द्रावकाने राळ विरघळवायची, मग द्रावक उडवून लावायचे, हे त्यामागचे तत्त्व. घरगुती खोल्यांत असे उद्योग करताना परदेशांत स्फोट झाले आहेत, माणसे भाजली आहेत. आणि अर्कात द्रावकाचा अंश राहिला तर तो पिणाऱ्याला कळत नाही. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात १९९५ मध्ये सरासरी सुमारे ४ टक्के टीएचसी होते, २०१४ मध्ये सुमारे १२ टक्के. अर्कात ते ६० ते ८० टक्क्यांपर्यंत जाते.

१३/ हा फरक केवळ आकड्यांचा नाही. युरोप आणि ब्राझील मिळून अकरा ठिकाणी झालेल्या २०१९ च्या अभ्यासात, १० टक्के वा अधिक टीएचसी असलेला गांजा रोज ओढणाऱ्यांत मनोविकृतीची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास पाचपट आढळली. संबंध म्हणजे सिद्ध कारण नव्हे. परंतु १८९४ चा दिलासा ८० टक्क्यांच्या तेलाला लावणे म्हणजे ताकावरच्या मतावरून दारूचा निकाल देणे होय.

१४/ आता कायदा. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने पाने व्याख्येबाहेर ठेवली, फुलोऱ्याला गांजा म्हटले, राळेला चरस. आणि हॅश ऑइललाही चरसातच बसवले. २००१ च्या अधिसूचनेनुसार गांजाचे व्यावसायिक प्रमाण २० किलो, चरसाचे १ किलो. अल्प प्रमाण अनुक्रमे १ किलो आणि १०० ग्रॅम. म्हणजे कायद्याला पायऱ्या ठाऊक आहेत. पण चरसाच्या वर त्याला पायरीच दिसत नाही.

१५/ परिणाम विचित्र आहे. ८० टक्क्यांचे ९० ग्रॅम तेल म्हणजे ७२ ग्रॅम टीएचसी. तरी ते ‘अल्प प्रमाण’. ५ टक्क्यांच्या १ किलो गांजात ५० ग्रॅम. उलट मिश्रणाचे पूर्ण वजन धरण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात वैध ठरवला. त्यामुळे चिमूटभर चरस मिसळलेली किलोभर चॉकलेटे सापडली, तर किमान दहा वर्षांच्या शिक्षेची टांगती तलवार. तराजू वजन मोजतो; धोका तीव्रतेत असतो.

१६/ ‘ही तर आपली परंपरा’ हा युक्तिवादही तपासावा. महाशिवरात्रीची भांग आणि गोसाव्यांची चिलीम ही परंपरा खरी. पण विश्रांतवाडीतून ज्या आळंदी रस्त्याने दरवर्षी माऊलींची पालखी पुण्यात येते, त्याच रस्त्याने चालणारा माळकरी व्यसनापासून दूर राहण्याचे व्रत पाळतो. तीही परंपराच. आणि काचेच्या नळीतले तेल या दोहोंपैकी कोणाच्याच वंशावळीत नाही. त्याला शंकराचा प्रसाद म्हणणे ही जाहिरात आहे, इतिहास नव्हे.

१७/ म्हणून मागणी साधी आहे. न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या अहवालात वजनाबरोबर टीएचसीचे प्रमाण यावे आणि शिक्षेत त्याला स्थान मिळावे. बातमीत पदार्थाचे नेमके नाव असावे. घरात आणि महाविद्यालयात मुलांना पायऱ्यांचा हा भेद सांगितला जावा. ‘सगळे सारखेच घातक’ असे ऐकलेला मुलगा भांगेने काही झाले नाही हे पाहतो, आणि मग तेलाविषयीच्या इशाऱ्यावरही विश्वास ठेवत नाही. सरसकट भीतीची किंमत अशी चुकवावी लागते.

१८/ हा भेद सांगणारे शब्द मराठीत आधीपासून आहेत : भांग, गांजा, चरस, आणि आता अर्क. ते नेमकेपणाने वापरले, तर बंदी हवी की नियंत्रण हा वाद निदान एकाच वस्तूविषयी होईल.