मशीन 250 चं, अन् शील्ड एकच



घरी वेल्डिंग मशीन घ्यायचं निघालं की आपल्याकडं पहिला प्रश्न, "किती अँपियरचं?" शेजाऱ्याचं 200 चं असलं की आपल्याला 250 चं पाहिजे. अरे पण जोडायचंय काय? गोठ्याचं गेट, कुळवाची पास, ट्रॉलीचा फाळका. 2.5 मिमीचा रॉड 70 ते 90 अँपियरवर चालतो, 3.15 चा 100 ते 130 वर. खरोखर 160 देणारं सिंगल फेज इन्व्हर्टर मशीन घरकामाला रग्गड झालं. डब्यावरचा आकडा सोडा, ड्युटी सायकल विचारा. 60 टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं काम, चार मिनिटं गार होऊ द्यायचं. दुकानदाराला सांगता येत नसेल तर दुसरं दुकान बघा.

मला चीड येते ती पुढं. मशीनवर हजारो रुपये घालणारा गडी काळ्या काचेला पैसे नाहीत म्हणतो. उन्हाचा गॉगल लावून, नाहीतर डोळे मिटून टाका मारतो. आणि पाईप धरायला कोण? बायको, नाहीतर घरातलं पोर. "तू तिकडं बघ" एवढंच त्याचं संरक्षण!

मीही हेच केलंय. पुतण्याला पाईप धरायला उभं केलं. दिवसभर काही नाही. रात्री एकला पोरगं उठून बसलं, डोळ्यात वाळू भरल्यागत, उघडता येईनात. घरात बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, काय उपयोग? सकाळी डॉक्टर म्हणाले, बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजलाय. दोन दिवसांत बरं झालं. पण शील्ड एकच होतं, अन् ते माझ्या तोंडावर होतं.

म्हणून शील्ड दोन घ्या, 10 किंवा 11 नंबर काचेची. चामड्याचे हातमोजे, सुती फुल बाह्या, बंद बूट. नायलॉनचा शर्ट ठिणगीनं वितळून अंगाला चिकटतो. जीआय पाईपचं जस्त आधी घासून काढा अन् काम उघड्यावर करा, नाहीतर रात्री हुडहुडी भरून ताप येतो. डिझेलच्या रिकाम्या ड्रमला तर रॉड लावूच नका, आत वाफ असते, स्फोट होतो.

"आमचा अमका वीस वर्षं उघड्या डोळ्यानं करतोय" म्हणणाऱ्यांनी त्याच्या बायकोला विचारावं, किती रात्री बटाटे चिरले ते.

ट्रॅक्टरवर टाका मारायचा तर आधी बॅटरीच्या वायरी काढा. त्यावर पुढं लिहितो, आता लाईट आलीय, मोटार चालू करायचीय.